निवडून काढलेला दाणा जातो कुठे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

श्रावणात आमच्या परळच्या घरी उपासामुळे शेंगदाण्याचे कूट रोजच लागते. यंदा जवळच्या दुकानातून आणलेल्या तयार कुटाला कुबट वास आला, म्हणून ते सारे टाकून दिले. दाणे अख्खे असते तर काळपट, सुरकुतलेले, बुरशी धरलेले वेचून काढता आले असते. कूट झाल्यावर डोळ्यांना काही कळत नाही.

प्रश्न केवळ वासाचा नाही. 'अॅस्परजिलस फ्लेव्हस' ही बुरशी दाण्यावर वाढताना अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते, आणि ते माणसात कर्करोग घडवते हे सिद्ध झाले आहे. भाजून वा उकळून ते पुरते जात नाही. १९७४ मध्ये राजस्थान व गुजरातमधील आदिवासी गावांत बुरशी लागलेला मका खाऊन सुमारे शंभर माणसे यकृताच्या विकाराने दगावली होती.

वेळेवर काढणी करा, शेंगा खडखडीत वाळवा, हे शेतकऱ्याला सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. माझे म्हणणे पुढच्या टप्प्याविषयी आहे. हे विष पोत्यात सारखे पसरलेले नसते, थोड्याच दाण्यांत एकवटलेले असते. म्हणून निवडणीचा इतका उपयोग होतो, आणि म्हणूनच निवडून बाजूला काढलेला दाणा सर्वांत घातक असतो. तो स्वस्तात विकला जाऊन कुटात किंवा चिक्कीत मिसळला, तर निवडणी करून मिळवले काय? घाण्याला गेला तरी विषाचा मोठा भाग पेंडीत उरतो, आणि ती पेंड तबेल्यातील म्हशीने खाल्ली की विषाचे बदललेले रूप दुधात उतरते. म्हणजे आपण ताटातून काढलेले विष लहान मुलांच्या पेल्यात येते.

खाद्यसुरक्षा नियमांत प्रक्रियेसाठीच्या शेंगदाण्याला किलोमागे १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. परंतु एका पोत्यातून मूठभर दाणे घेऊन केलेली तपासणी फसवी ठरते. अनेक पोत्यांतून नमुने घेऊन, एकत्र दळून मगच ते तपासले पाहिजेत. अन्न व औषध प्रशासनाने वाशीच्या घाऊक बाजारात पावसाळाभर अशी तपासणी करावी, तयार कुटाचे नमुने आवर्जून घ्यावेत आणि बाद दाणा किती निघाला व कोणाला विकला, याची नोंद प्रत्येक व्यापाऱ्याला सक्तीची करावी.

आपली,
एक वाचक, परळ, मुंबई