आधी पाणी प्या, मग वाचा

अ‍ॅडलेड
रविवार, रात्री उशिरा

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून पत्रं तूच वाचून दाखवतेस आई, म्हणून आधीच सांगते, मधलं काही गाळू नकोस. तुझा आवाज कुठे अडखळतो ते बाबांना बरोबर कळतं. फोनवरच सांगणार होते, खरं फोनवर तुम्ही दोघं मिळून मला एक वाक्य पुरं करू देत नाही.

गेल्या आठवड्यात आम्ही पोर्ट लिंकनला गेलो, एवढं तुम्हाला माहीत आहे. ‘समुद्र बघायला’ म्हणाले होते, ते खोटं नव्हतं. फक्त तो मी आतून बघितला. पिंजऱ्यात उतरून. मोठे पांढरे शार्क असतात ना, ते बघायला.

आई, थांब. पाणी पी. मी स्वयंपाकघरात बसून लिहितेय, हातपाय जागच्या जागी आहेत. दुपारी वरणभात खाल्ला, वर तू पाठवलेल्या लिंबाच्या लोणच्याची फोड. अंगात तू विणलेला तपकिरी स्वेटर आहे, कारण इथे जून म्हणजे थंडी.

बाबा, तुम्ही आधी पिंजऱ्याचंच विचारणार. जाड सळ्यांचा, बोटीला बांधलेला, वरचं तोंड पाण्याच्या जरा वर. पोहायला यावं लागत नाही. कमरेला शिशाचा पट्टा, म्हणजे माणूस तरंगत नाही, आणि तोंडात नळी. हवा बोटीवरून येते. नेपच्यून बेटांपाशी जायला बोटीला तीनेक तास लागतात. तिथे सीलची मोठी वसाहत आहे, थंडीत त्यांची पिल्लं पाण्यात उतरायला लागतात, म्हणून मोठ्या माद्या याच दिवसांत येतात. बोटीवरचे लोक ट्यूनाचे कल्ले आणि रक्त पाण्यात सोडतात. तो वास! बुधवारी तुम्ही बांगडे आणल्यावर आई खिडक्या उघडायची, त्याच्या शंभरपट. तुमचे जावई निम्मा वेळ बोटीच्या कठड्यावर वाकून होते. (आई, त्यांना फोनवर चिडवू नकोस. मी पुरेसं चिडवलंय.) दुसऱ्या एका बोटीवर म्हणे मासळी न टाकता पाण्याखाली स्पीकर सोडून दणदणीत गाणी लावतात, त्या हादऱ्यांनी शार्क येतात. गणपतीत आपल्या गल्लीत डॉल्बी लागला की लोक जमतात तसंच की.

आणि बाबा, हा पिंजरा ज्याच्या डोक्यातून निघाला त्याची गोष्ट ऐका. रॉडनी फॉक्स. १९६३ साली याच अ‍ॅडलेडजवळ भाल्यानं मासे मारायच्या स्पर्धेत त्याला शार्कनं छातीत धरलं. साडेचारशेच्या वर टाके पडले. पुढे त्याच माणसानं पिंजरा बनवला आणि शार्क बघायला परत पाण्यात गेला. हे वाचून मी दोन दिवस गप्प होते.

मला वाटलेलं, दात दिसतील. दात दिसलेच नाहीत. हिरवट पाण्यातून एक राखाडी सावली आली, आपल्या जुन्या ओमनीपेक्षा लांब, आणि काहीही घाई न करता पिंजऱ्यासमोरून निघून गेली. पोट पांढरं. डोळा काळा वाटतो, खरं जवळ आल्यावर निळा आहे. माझ्याकडे बघितलंसुद्धा असेल, महत्त्वाचं काही दिसलं नाही म्हणून पुढे गेली. पोहायची थांबली तर तिला श्वास मिळत नाही, म्हणून सारखं फिरत राहायचं. रिटायर झाल्यापासून तुम्ही रोज पहाटे तिसऱ्या रेल्वे गेटापर्यंत जाता, तेच आठवलं. हे मासे सत्तर वर्षंसुद्धा जगतात. ती कदाचित तुमच्याच वयाची असेल.

पाणी सोळा अंशाच्या आसपास. दात वाजत होते, तरी मी वर यायला तयार नव्हते. लहानपणी राकसकोपच्या धरणावर सहलीला गेलो की तुम्ही माझा हात धरून ठेवायचात, इतका घट्ट की घरी येईस्तोवर बोटांचे वळ राहायचे. पाण्याखाली उगाच तो हात शोधला मी.

आता खरं सांगायचं ते.

चिऊला पोहायला घातलंय. फी भरली, दोन वर्ग झालेसुद्धा. असोग्याला नदीवर जे झालं त्यानंतर आपल्या घरात पाण्याचा विषय कुणी काढत नाही, आणि तुम्ही जे म्हणालात ते मी कधी मोडलं नाही. मलप्रभेच्या पुलावरून बस गेली तरी अजून डोळे मिटते. पण इथे तिच्या वर्गातली सगळी पोरं पाण्यात आणि ही एकटी काठावर टॉवेल धरून. तिला मी कशाला घाबरायला शिकवतेय, हेच मला सांगता येईना. म्हणून आधी मी उतरले. वेडेपणा वाटेल, वाटू दे. तुमचं चुकलं असं मला मुळीच म्हणायचं नाही. तुमच्या जागी मीही तेच केलं असतं, आणखी कडक केलं असतं. तलाव कंबरेइतकाच खोल आहे, बाई कडक आहेत, आणि मी काठावरून नजर हलवत नाही.

बाबा, रागावलात तर दोन दिवस रागवा, खरं तिसऱ्या दिवशी फोन घ्या.

आणि आता माझं ऐका. पाऊस लागलाय, कौलं गळत असतील, तर वर चढायचं नाही. माणूस बोलवा, पैसे मी पाठवते. मी पिंजऱ्यात होते, तुम्ही शिडीवर असता, त्यात जास्त धोक्याचं काय ते आईला विचारा. बीपीची गोळी सकाळी, चहाच्या आधी नाही, नाश्त्यानंतर. आई, तुझ्या गुडघ्याचं तेल संपलं असेल तर सांग, आणि लोणचं स्वतः दोनदा वाढून घेऊ नकोस, मला सगळं माहीत असतं. हे पत्र शेजारच्या काकूंना वाचून दाखवू नका, उद्या अख्ख्या शहापुरात होईल.

दिवाळीला येतोय. चिऊसाठी कुंदा आणून ठेवा, थोडाच.

तुमची,
बाळी

ता. क. माळ्यावर मागच्या कोपऱ्यात अण्णाची ती ट्रकची ट्यूब आहे, पोत्यात गुंडाळलेली. उंदरांनी कुरतडली नसेल तर उन्हं पडल्यावर जरा झटकून ठेवाल का? माळ्यावर बाबांनी चढू नये.