उदबत्तीच्या धुरावरून मुंगळ्यांचा मुहूर्त सांगणाऱ्या वॉचमनकाकांना

वॉचमनकाका,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुमचा तो संध्याकाळचा मिस्ड कॉल आला नसता, तर मुंगळ्यांच्या राण्या आणि नर मिलनासाठी उडतात तो मुहूर्त सलग तिसऱ्या पावसाळ्यात माझ्या हातून निसटला असता. दोन वर्षं मृगाचा पाऊस पडला की मी टॉर्च घेऊन मीटरबॉक्सपाशी बसायची आणि डास चावून घेऊन परत यायची. सकाळी फरशीवर नुसते गळलेले पंख.

माझं सगळं ज्ञान वाचीव. ब्रिटनमध्ये २०१२ पासून लोकांनी कळवलेल्या नोंदींवरून निघालं, की तिथल्या मुंग्या पारा १३ अंशांच्या वर आणि वारा सेकंदाला ६.३ मीटरपेक्षा कमी असेल तरच उडतात. पुण्यात जूनमध्ये १३ अंशांचं काय घेऊन बसायचं! राहिला वारा. तो तुम्ही केबिनमधल्या विठोबापुढच्या उदबत्तीवर जोखत होतात. "पाऊस होऊन गेलेला पायजे, आन् धूर सरळ वर जायला पायजे. मग निघत्यात." हे इतकं सहज बोललात, की वहीत लिहून घ्यायचंही मला सुचलं नाही.

त्या दिवशी मी अनवाणीच धावत खाली आले. शिरीषाच्या बुंध्याशी बिनपंखी कामकऱ्यांची नुसती लगबग. एक पंखवाला नर उतावळेपणाने बाहेर आला, तर एकीने त्याचा पाय जबड्यात धरून त्याला परत बिळात ओढलं. "आजून येळ हाय त्याला," तुम्ही म्हणालात. अंधारून आलं तशा राण्या निघाल्या, नरांपुढे चांगल्या थोराड. गवताच्या पात्यावर चढायच्या, पंख थरथरवायच्या, की गेल्या! गेटवरचा मोठा दिवा तुम्ही न सांगता बंद केलात, नाहीतर निम्म्या तिथेच घिरट्या घालत बसल्या असत्या. (त्यावरून तुम्हाला बोलणी खावी लागली, हे मला नंतर कळलं. मीटिंगमध्ये मी सांगितलंय, दिवा माझ्यासाठी बंद होता.)

मुंगीला पंख फुटले की तिचं मरण जवळ आलं म्हणतात. नरांपुरतं ते खरं, ते थोड्याच दिवसांत मरतात. राणी मात्र खाली उतरून स्वतःच पंख मोडून टाकते आणि त्या एका उड्डाणात साठवलेल्या शुक्रजंतूंवर पुढे जन्मभर अंडी घालते. युरोपातल्या काळ्या बागमुंगीची एक राणी प्रयोगशाळेत २८ वर्षांहून जास्त जगली होती.

तुम्ही धुऊन दिलेल्या होमिओपॅथीच्या बाटलीतली आपली राणी खुशाल आहे. ओल्या कापसाशिवाय तिला दीड महिना काही दिलं नाही. आता नको असलेले उडायचे स्नायू अंगातच जिरवून तिने पहिली पिल्लं पोसली. कालपासून चार कामकरी हिंडताहेत, आपल्या नेहमीच्या मुंगळ्यांपुढे अगदीच चिमुकल्या. साखरपाण्याचा थेंब ठेवला, तर चौघी त्याच्याभोवती.

ड्यूटी संपली की वर येऊन बघून जा. चहा टाकते.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरची ताई