होडीचा तळ बसवून देणाऱ्या काकांचे आभार

बाबांच्या जुन्या फायबरच्या होडीत पाय ठेवला आणि तळ खचला. आतला प्लायवुड कुजून ओल्या पुठ्ठ्यासारखा झाला होता. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये मी साधा प्लाय घेत होतो, तेव्हा शेजारच्या काकांनी थांबवलं. "पाण्यात जाणार ना? मरीन प्लाय घ्या. कडांनाही रेझिन लावा, पाणी तिथूनच शिरतं."

रविवारी ते स्वतः घरी आले. रेझिन घट्ट करणारा हार्डनर मोजून घातला, काचतंतूंच्या मॅटखालचा एकेक बुडबुडा रोलरने काढला. कुजक्या फळीवर बाबांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेली तारीख होती. तेवढा तुकडा काकांनी कापला, पुसला आणि माझ्या हातात ठेवला. मला बोलताच येईना.

पैसे घेतले नाहीत, फक्त चहा. काका, नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. मनापासून आभार.