डांक्वा ‘निवर्तले’ म्हणजे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला घानाचे पहिले अध्यक्ष एन्क्रुमा यांच्यावरचा पानभर लेख वाचला. नेहरूंची मैत्री आहे, अलिप्ततावाद आहे, अकोसोम्बोचे धरण आहे, सगळे यथासांग आहे. डांक्वांच्या वाट्याला मात्र दीड ओळ आली: ‘एन्क्रुमांचे नाराज विरोधक व पेशाने वकील असलेले डॉ. जे. बी. डांक्वा १९६५ मध्ये तुरुंगात निवर्तले.’

निवर्तले! अहो, माणूस घरी, आपल्या अंथरुणावर, लेकी-सुनांच्या हातचे पाणी पिऊन निवर्ततो. हे गृहस्थ जानेवारी १९६४ मध्ये दुसऱ्यांदा आत गेले ते ४ फेब्रुवारी १९६५ ला नसावामच्या तुरुंगातून मृतदेह होऊनच बाहेर आले. वय सत्तरीला टेकलेले. आरोपपत्र नाही, खटला नाही, शिक्षा नाही. कोठडीत बसायला खुर्ची नाही, निजायला खाट नाही, जेवायचे ते जमिनीवर बसून, हे त्यांनी स्वतः पत्र लिहून एन्क्रुमांना कळवले होते. त्या पत्राचा काय उपयोग झाला, ते तारखांवरून कळतेच.

आणि ‘नाराज’ कशावरून? ‘गोल्ड कोस्ट’ला ‘घाना’ हे प्राचीन साम्राज्याचे नाव द्यावे, असा आग्रह धरणारे डांक्वा. ऑगस्ट १९४७ मध्ये सॉल्टपाँडला युनायटेड गोल्ड कोस्ट कन्व्हेन्शन उभी करणाऱ्यांतले डांक्वा. त्याच पक्षाने सरचिटणीस म्हणून एन्क्रुमांना परदेशातून बोलावून घेतले आणि दीड वर्षात एन्क्रुमांनी वेगळी चूल मांडली. अशा माणसाला आपल्या लेखकाने लग्नात मानपान न मिळालेल्या मामाच्या पंगतीला बसवले आहे.

मी सातारच्या कोर्टात चाळीस वर्षे वकिली केली, त्यामुळे ‘पेशाने वकील असलेले’ या तीन शब्दांवर अडकलो. लेखकाने ते जागा भरायला घातले असावेत. सगळी गोष्ट तिथेच होती.

ती मला कळली १९७५ साली, पुण्यात, लॉ करताना. वसतिगृहातला माझा खोलीभाऊ घानाचा होता, कुमासीचा. मेसमध्ये भाकरी आली की त्याला आनंद व्हायचा. मराठी माझ्याकडून शिकला, म्हणजे सातारीच. २६ जूनला सकाळी रेडिओवर आणीबाणीची बातमी लागली तेव्हा तो बादलीत कपडे भिजवत होता. मी ‘मिसा’, म्हणजे विनाचौकशी अटकेचा आपला कायदा, समजावून सांगू लागलो तर म्हणाला, “मला नको सांगूस. आमच्याकडं झालंय की हे.” मग त्याने ट्रंकेतून टाइप केलेल्या कागदांचा एक गठ्ठा काढला. अकोटो खटल्याचा निकाल. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण त्याला पाठ होता.

घानाचा प्रिव्हेंटिव्ह डिटेन्शन अ‍ॅक्ट १९५८ चा. पाच वर्षांपर्यंत विनाचौकशी आत. (याच नावाचा कायदा आपण १९५० मध्येच केला होता. खोलीभाऊ ते वारंवार ऐकवायचा आणि मला उत्तर सुचत नसे.) त्या कायद्याखाली बाफुअर ओसेई अकोटो आणि आणखी सात जणांना धरले. सुप्रीम कोर्टात त्यांच्या बाजूने उभे राहिले डांक्वा. राज्यघटनेच्या तेराव्या कलमाप्रमाणे अध्यक्ष पदग्रहण करताना व्यक्तिस्वातंत्र्याची जाहीर ग्वाही देतो, मग संसदेला असा कायदा करताच येणार नाही, हा त्यांचा मुद्दा. ऑगस्ट १९६१ मध्ये सरन्यायाधीश कोर्सांच्या पीठाने सांगितले, ती ग्वाही राज्याभिषेकाच्या शपथेसारखी आहे, नैतिक बंधन आहे, कोर्टात वाजवून घेता येणार नाही. लोकांना पटत नसेल तर मतपेटी आहे.

वकील हरला. असे रोज हरतात, मीही हरलो आहे. पण सप्टेंबरात सेकोंडी-ताकोराडीला रेल्वे आणि बंदर कामगारांचा संप झाला आणि ३ ऑक्टोबरला पोलिसांनी डांक्वांनाच उचलले. त्याच कायद्याखाली. अशिलांसाठी जो युक्तिवाद केला तो स्वतःसाठी करायलाही जागा उरली नव्हती, कारण निकाल लागून चुकला होता. जून १९६२ मध्ये सुटले, पुढे पुन्हा आत. खोलीभाऊ एवढेच म्हणायचा, “वकील हरला, मग वकिलालाच नेला की.” मी हसायचो. एप्रिल १९७६ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाचा हेबियस कॉर्पसचा निकाल आला (आणीबाणीत अशा अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येणार नाही) तेव्हा हसू थांबले. त्या दिवशी तो म्हणाला, तुमच्याकडे निदान विरोधी निकाल देणारे एक न्यायमूर्ती खन्ना निघाले.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभा राहिलो आणि सरांना विचारले, हा निकाल आणि अकोटो यांत फरक काय? सर म्हणाले, “परीक्षेला नाही. बसा.” मी बसलो. मागच्या बाकावर खोलीभाऊ तोंडाला रुमाल लावून खोकला. पन्नास वर्षे होत आली, ते बसणे मला अजून डाचते. म्हणून तुमची दीड ओळ वाचून चहा गार झाला.

कोर्सांचे काय झाले, हेही आपल्या लेखकाला शोधता आले असते. डिसेंबर १९६३ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात त्यांच्या पीठाने तिघा आरोपींना निर्दोष सोडले आणि एन्क्रुमांनी त्यांना सरन्यायाधीशपदावरून काढून टाकले. मतपेटीकडे बोट दाखवणाऱ्या न्यायाधीशाची ही गत.

डांक्वा म्हणजे धुतला तांदूळ असे माझे म्हणणे नाही. राजघराण्याशी नाते (अक्येम अबुआक्वाचे राजे सर ओफोरी अट्टा हे सावत्र भाऊ), लंडनची तत्त्वज्ञानातली डॉक्टरेट, इनर टेम्पलची बॅरिस्टरी. सामान्य मतदाराला हा माणूस आपला वाटलाच नाही. १९५४ मध्ये त्यांना त्यांच्याच पुतण्याने पाडले. काका-पुतण्याच्या राजकारणाचे पेटंट महाराष्ट्राकडे आहे असे कोणाला वाटत असेल तर त्याने हे जरूर वाचावे. १९६० च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांना जेमतेम अकरा टक्के मते पडली. तेव्हा ते लोकप्रिय होते असे छापू नका. पण हरलेला माणूस आणि नाराज माणूस यांत फरक असतो, एवढे तरी उपसंपादकाला कळावे.

जाता जाता. मागे मी कोर्टाच्या आवारातल्या पार्किंगवर पत्र पाठवले होते. ‘वकिलांसाठी राखीव जागा असू नये असे माझे मत नाही’ या वाक्यातला शेवटचा ‘नाही’ आपल्याकडे जागेअभावी गाळला गेला. तीन महिने बार रूममध्ये माझ्याशी कोणी धड बोलले नाही. हे पत्र छापायचे तर पूर्ण छापा, नाहीतर टोपली आहेच.

आपला,
एक निवृत्त वकील, सातारा

ता. क. – आडनाव ‘डांक्वा’ आहे. आपण मथळ्याखालच्या चौकटीत ‘दानकाह’ आणि लेखात ‘डाणक्वाह’ छापले आहे. दोन्हींपैकी कोणते चूक, असा प्रश्न पडला असेल तर दोन्ही.