सायकल भंगारात गेलेली नाही

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोन होत असूनही हे पत्र लिहिते आहे, कारण फोनवर आई मध्येच बोलेल आणि बाबा "असू दे" म्हणून विषय संपवतील. दिवाळीत जिन्याखालची रेंजर सायकल मी भंगारवाल्याला दिली आणि ती एक रात्र त्याच्याकडे होतीही. पण बाबा, त्या संध्याकाळी तुम्ही एका शब्दाने काही बोलला नाहीत, फक्त खिळ्यावरची तिच्या कुलपाची किल्ली काढून शर्टाच्या खिशात टाकलीत. दुसऱ्या दिवशी मिळालेल्या पैशांच्या दुप्पट मोजून मी ती परत आणली आणि भद्रकालीतल्या एका दुकानात ठेवली. त्यानंतर दोन शनिवारी मी नाशिकला आले आणि घरी न येता परत गेले. द्वारकेला उतरल्यावर सिडकोची रिक्षा समोर उभी होती आणि मी तिच्याकडे पाठ फिरवून चालू लागले, हे मला अजून खाते आहे.

सायकल अगदी खिळखिळी झाली होती. सीटचा पाइप फ्रेममध्ये गंजून इतका धरला होता की तेल सोडून दोन दिवस तसाच ठेवावा लागला. पेडलच्या दांडीची कॉटर पिन काढताना दुकानातल्या चाचांनी तिचा नट टोकाच्या पातळीत आणून ठेवला, म्हणजे आटे चेपत नाहीत, आणि मगच हातोडी मारली. तिसऱ्या घावाला पिन सुटली. आतले छर्रे काळे पडले होते, ते सगळे बदलले. मी हौसेने पुण्याहून 26 इंची टायर नेले होते, पण ते 26 × 1⅜ निघाले. आपले जाड टायर 26 × 2.125 चे, आणि नावाला दोन्ही 26 असले तरी एकाला 590 मिलिमीटरची रिम लागते, दुसऱ्याला 559 ची. चाचांनी ते रिमवर धरून दाखवले, तर सैल बांगडीसारखे फिरू लागले. आई, खर्च किती आला ते कृपा करून विचारू नकोस.

रंग मात्र मी नव्याने दिलेला नाही. फ्रेमवर बाबांनी पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेला घर नंबर त्याखाली गेला असता. बदलल्या त्या रिमा. स्टीलच्या रिमेवर पाणी बसले की ब्रेकचे रबर नुसते घसरते. गेल्या पावसाळ्यात त्रिमूर्ती चौकात जे झाले, ते त्यामुळेच झाले असणार, तुमचा हात कमजोर पडला म्हणून नव्हे. आता ॲल्युमिनियमच्या रिमा आहेत आणि मी स्वतः चाकांचा आऊट, म्हणजे फिरताना होणारी डुगडुग, काढून घेतला आहे.

आता जे सांगायचे ते सांगते. सायकल माझ्याकडे पुण्यातच राहील. मी तुमच्यावर अविश्वास दाखवते आहे असे कृपया समजू नका. मनगटाचे हाड जुळले असले तरी डॉक्टरांनी तोल सांभाळायला सांगितले आहे, आणि सायकल दारात दिसली की सकाळी सहाला दुधाच्या निमित्ताने तुम्ही ती काढणारच, हे आपल्या तिघांनाही ठाऊक आहे. दूध एक तारखेपासून घरपोच येईल, पैसे मी भरले आहेत. न्हाणीघरात धरायला दांडा बसवणारा माणूस रविवारी येईल; त्याला उंची बाबांनी दाखवायची, आईने नव्हे.

अशा जाड टायरच्या डोंगरी सायकली 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या डोंगरउतारांवर जन्मल्या म्हणतात. आपल्या रेंजरने 1995 पासून पाहिलेला डोंगर म्हणजे पांडवलेण्यांचा, तोही पायथ्यापर्यंतच. तिला कॅरियर नव्हता; मला बसता यावे म्हणून तुम्ही तो वेगळा बसवून घेतलात आणि त्यावर आईचे जुने लुगडे घडी घालून सुतळीने बांधलेत. सोमेश्वरहून परतताना मला झोप लागायची, तेव्हा तुम्ही एका हाताने मागे माझा हात धरून ठेवायचात. परवा चाचांनी तो कॅरियर काढू का म्हणून विचारले, तेव्हा मला पटकन बोलता आले नाही.

बाबा, रक्तदाबाची गोळी न्याहारीनंतर, आईने आठवण करण्याची वाट न पाहता. आई, गुडघे दुखत असताना माळ्यावरचे डबे काढायला स्टुलावर चढायचे नाही, शेजारच्या मुलाला हाक मार. पुण्याला आलात की साखळीला तेल बाबांनीच घालायचे. मी जास्त घालते आणि धूळ बसते, असे चाचांचे मत आहे.

मी पाडव्याला येते आहे. सायकलचे कुलूप जुनेच ठेवले आहे, तेव्हा ती किल्ली शर्ट धुवायला टाकण्याआधी खिशातून काढून ठेवा.

तुमची,
सोनू