वाडीच्या मांडवात चोरीचा सिनेमा नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपती तोंडावर आले की वाडीवाडीतल्या मंडळांच्या कार्यक्रमपत्रिका छापून येतात. भजन, फुगड्या, जाखडी आणि खाली एक ओळ: ‘रात्री मोठ्या पडद्यावर नवीन मराठी चित्रपट, प्रवेश विनामूल्य’. शिमग्याला आणि सत्यनारायणाच्या पूजेलाही हेच. हा चित्रपट बहुतेक वेळा टेलिग्रामच्या एखाद्या चॅनेलवरून उतरवलेला असतो. पडदा, प्रोजेक्टर आणि ध्वनिव्यवस्था भाड्याने देणाऱ्या आमच्यासारख्यांना हे पक्के ठाऊक असते. म्हणून हे पत्र मंडळांसाठी आहे, आमच्या व्यवसायबंधूंसाठी आहे आणि मराठी निर्मात्यांसाठीही आहे.

‘तिकीट लावलेले नाही, मग चोरी कसली?’ हा प्रश्न नेहमी येतो. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये हौशी मंडळांना सवलत आहे, पण ती नाटक, साहित्य आणि संगीताच्या विनामूल्य प्रयोगापुरती. चित्रपट त्यात येत नाही. शाळेने विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यापुरता चित्रपट दाखवला तर त्याला वेगळी सवलत आहे. सगळ्या गावाला बोलावले की ती संपते. कलम ६३ खाली शिक्षा ६ महिने ते ३ वर्षे आणि दंड ५० हजार ते २ लाख रुपये. धंद्यातल्या फायद्यासाठी केले नसेल तर न्यायालय कारणे नोंदवून ती कमी करू शकते, पण गुन्हा गुन्हाच राहतो. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात झालेली दुरुस्ती याहून कडक आहे. चित्रपटगृहात चित्रपटाचे रेकॉर्डिंग करणे, तसा नुसता प्रयत्न करणे किंवा चोरीची प्रत नफ्यासाठी लोकांना दाखवणे, यासाठी किमान ३ महिने कैद आणि ३ लाख दंड. कमाल ३ वर्षे आणि चित्रपटाच्या लेखापरीक्षित निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड. मुंबईहून येणाऱ्या खासगी आरामबसमध्ये पेनड्राइव्हवरचा नवा चित्रपट लावणाऱ्यांनी ‘नफ्यासाठी’ हा शब्द नीट वाचावा. किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी: हॉटेलच्या राहण्याच्या खोल्यांत एका ठिकाणाहून चित्रपट सोडणे हेसुद्धा कायद्याच्या व्याख्येत ‘जनतेपर्यंत पोहोचवणे’ ठरते.

आता पैशाचे. इथे आकडे फुगवून सांगण्याची सवय आहे, ती आम्हाला पटत नाही. समजा, मांडवात २०० माणसे बसली. कर वगळून तिकीट १०० रुपयांचे आणि पहिल्या आठवड्यात निर्माता-वितरकाचा वाटा साधारण निम्मा धरला, तर ‘१० हजारांचे नुकसान’ असा हिशेब कोणीही मांडेल. पण त्या २०० पैकी शहरात जाऊन तिकीट काढणारी माणसे ३० सुद्धा निघणार नाहीत. म्हणजे नुकसान दीड हजाराच्या आसपास. उलट मंडळाने माणशी २० रुपयांच्या हिशेबाने ४ हजार रुपये परवानगीपोटी दिले असते, तर निर्मात्याच्या हाती त्याहून जास्त पडले असते. खरी हानी ही आहे: जो पैसा सरळ मार्गाने गावातून निघू शकत होता, तो मागितलाच गेला नाही आणि दिलाच गेला नाही.

पहिल्या तीन दिवसांत चित्रपट फुटला, म्हणजे त्याची चोरीची प्रत बाहेर पडली, तर मात्र मार मोठा बसतो, आणि त्याचे कारण वाटपाच्या पद्धतीत आहे. मल्टिप्लेक्समध्ये निर्मात्याकडचा वाटा पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो आणि पुढे दर आठवड्याला उतरत जातो. शिवाय शुक्रवार ते रविवारची गर्दी बघून सोमवारपासूनचे खेळ ठरतात. मोठ्या हिंदी चित्रपटाला दोन-तीनशे प्रेक्षक इकडेतिकडे झाले तरी चालते. मराठी चित्रपटाला एखाद्या तालुक्याच्या गावी एकच खेळ मिळालेला असतो. शनिवारी पन्नास खुर्च्या रिकाम्या राहिल्या की सोमवारी तो खेळ दुसऱ्याला जातो. मग ज्यांना तिकीट काढून बघायचा होता त्यांनाही बघता येत नाही, आणि तेही शेवटी टेलिग्रामच शोधतात.

चित्रपटगृहातून प्रत फुटली तर ती कुठून फुटली हे आता कळते. चित्रपट हार्डडिस्कवर किंवा उपग्रहाने कुलूपबंद स्वरूपात येतो. तो उघडणारी डिजिटल किल्ली त्या एकाच सर्व्हरसाठी आणि ठरावीक तारखा-वेळांपुरती असते. चालू खेळात चित्रात आणि आवाजात डोळ्यांना-कानांना न कळणाऱ्या खुणा मिसळल्या जातात. मोबाइलने चोरून घेतलेल्या चित्रीकरणातही त्या उरतात आणि त्यावरून कोणते चित्रपटगृह, कोणती तारीख, कोणता खेळ हे शोधता येते. त्यामुळे शेवटच्या रांगेत मोबाइल उभा करून बसलेल्याकडे काणाडोळा करणारा डोअरकीपर आपल्याच चित्रपटगृहाच्या मुळावर येतो. कोकणात मुळात चित्रपटगृहे कमी. त्यातल्या एकाचा पुरवठा थांबला तर आसपासच्या दोन तालुक्यांचा सिनेमा थांबतो.

अशी ‘थिएटर प्रिंट’ मांडवात कशी दिसते तेही सांगितले पाहिजे. मोबाइलच्या सहा इंची पडद्यावर बरी वाटणारी फाईल १२ बाय ८ फुटांवर ताणली की सगळे दोष उघडे पडतात. कॅमेरा बाजूच्या खुर्चीवरून लावलेला असतो, म्हणून चित्र एका अंगाला निमुळते होते. प्रोजेक्टरच्या कीस्टोनने ते सरळ करायला गेले की कडा कापल्या जातात. अंधाराच्या दृश्यात मोबाइलने आपोआप प्रकाश वाढवलेला असतो, त्यामुळे काळोखाच्या जागी राखाडी दाणे दिसतात. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो आणि मोबाइल ३० ने टिपतो. कॅमेरा सरकणाऱ्या प्रत्येक दृश्यात चित्र अडखळते. सर्वांत वाईट गत आवाजाची. चित्रपटगृहाचा घुमारा आवाजात आधीच मुरलेला असतो, त्यावर मांडवाच्या पत्र्याचा घुमारा चढतो. ट्रेबल, म्हणजे आवाजातले उंच सूर, वाढवले तर संवाद सुटे होत नाहीत, फक्त खरखर वाढते. आणि पडद्याच्या कोपऱ्यात अधूनमधून सट्ट्याच्या संकेतस्थळाची जाहिरात झळकत राहते, समोर सतरंजीवर पहिलीदुसरीतली पोरे बसलेली असताना. गणपतीसमोर हे दाखवायचे का, एवढा विचार तरी मंडळाने करावा.

काही मंडळे प्रामाणिकपणे ओटीटीचे पैसे भरतात आणि तोच चित्रपट प्रोजेक्टरवर लावतात. तेव्हा आवाज येतो, पण पडदा काळा राहतो. प्रोजेक्टर बिघडलेला नसतो. संरक्षित चित्र केवळ मान्य जोडणीतूनच बाहेर सोडायचे, अशी अॅपची रचना असते. जुना प्रोजेक्टर, व्हीजीए कन्व्हर्टर, स्वस्त स्प्लिटर किंवा मोबाइलचे मिररिंग मध्ये आले की चित्र अडते. मग कोणीतरी म्हणतो, ‘सोड रे, टेलिग्रामवरून घे.’ इथे थांबायला हवे. घरचे सदस्यत्व घरापुरते असते, मांडवासाठी ते नाहीच. शिवाय ओटीटीवरची आवृत्ती सेन्सॉर प्रमाणपत्र मिळालेलीच असेल असे नाही, आणि सार्वजनिक खेळाला प्रमाणपत्र लागते.

मच्छीमार बांधवांसाठी थोडे वेगळे सांगायचे आहे. १ जून ते ३१ जुलैची बंदी उठली की मिरकरवाडा, हर्णै, देवगड, मालवणच्या नौका बाहेर पडतात. खोल समुद्रात रेंज नसते, म्हणून निघण्याआधी खलाशी मेमरी कार्ड भरून घेतात. त्यात आता नवा धोका आहे. चित्रपटाचे नाव असलेली फाईल येते, शेवटी ‘एपीके’ असते आणि आकार १०-१२ एमबी. दोन तासांचा चित्रपट कितीही दाबला तरी ३००-४०० एमबीच्या खाली क्वचितच येतो. १२ एमबीत चित्रपट नसतो, अॅप असते. ते मेसेज वाचण्याची परवानगी मागते आणि बँकेचा ओटीपी परस्पर पुढे पाठवते. डिझेलचा परतावा किंवा मासळीचे पैसे ज्या खात्यात येतात, ते बहुधा याच फोनला जोडलेले असते. असे अॅप चुकून टाकले गेले तर फोनचे नेट आणि सिम दोन्ही बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या क्रमांकावर कळवावे. मग सेटिंगमध्ये ‘डिव्हाइस अॅडमिन’ आणि ‘अॅक्सेसिबिलिटी’ मधून त्या अॅपचा अधिकार काढावा आणि तेव्हाच ते अनइन्स्टॉल करावे. अधिकार न काढता ते निघत नाही. सरळ मार्ग म्हणजे ओटीटी अॅपमधला डाऊनलोड, किनाऱ्यावरच्या वायफायवर आदल्या रात्री केलेला. तो ठरावीक दिवसांनी मावळतो आणि काही अॅपमध्ये एकदा सुरू केला की ४८ तासच चालतो. म्हणून नीट उतरला का हे बघायला तो आधी चालू करू नये.

मंडळांनी करायचे काम अवघड नाही, पण लवकर करायचे आहे. चित्रपटाचे हक्क तुकड्यांनी विकले जातात: चित्रपटगृहांचे एकाकडे, टीव्हीचे दुसऱ्याकडे, ओटीटीचे तिसऱ्याकडे. गावातल्या एका खेळाचा हक्क पुष्कळदा निर्मात्याकडेच राहिलेला असतो, म्हणून आधी निर्मितीसंस्थेला लिहावे. पत्रात चित्रपटाचे नाव, तारीख, गाव, एकच खेळ, अंदाजे प्रेक्षक, तिकीट नाही आणि देऊ शकणारी रक्कम असावी. तोंडी होकारावर जाऊ नये. ईमेल किंवा सहीचे पत्र घ्यावे आणि प्रत कोणत्या स्वरूपात मिळणार तेही त्यातच लिहून घ्यावे. सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत मागावी. ‘ए’ (फक्त प्रौढांसाठी) असेल तर मांडवात तो चित्रपट नको. स्थानिक परवानग्यांची चौकशी तहसील कार्यालयात आणि पोलिस ठाण्यात करावी. ध्वनिक्षेपक रात्री १० ला बंद करावा लागतो. १२ पर्यंतची सूट ठरावीक दिवसांनाच असते, ते दिवस जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशात बघावेत. सव्वादोन तासांचा चित्रपट असेल तर साडेसातला पडदा उजळलाच पाहिजे, म्हणजे आरती सातच्या आत.

जुना चित्रपट चालणार असेल तर १९६४ किंवा त्याआधी प्रदर्शित झालेल्या चित्रपटांवरचा कॉपीराइट संपला आहे. मात्र त्यातल्या कथा-गीतांचे हक्क लेखक-कवींच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतात, तेवढी चौकशी करावी.

व्यवसायबंधूंना विनंती एकच: भाड्याच्या पावतीवर ‘परवानगीपत्राशिवाय चित्रपट लावला जाणार नाही’ ही ओळ छापा. एक-दोन सुपाऱ्या जातील. जाऊ देत.

निर्मात्यांनी मात्र आपली बाजू उघड केली पाहिजे. गुहागर किंवा देवगडच्या आतल्या गावातून शहरात जाऊन संध्याकाळचा खेळ पाहायचा, तर परतीची शेवटची एसटी निघून गेलेली असते. या प्रेक्षकाला चोर म्हणणे सोपे आहे. त्याच्यापर्यंत चित्रपट पोहोचवण्याची सोय मात्र आपण केलेली नाही. प्रत्येक मराठी चित्रपटाच्या जाहिरातीत गावातल्या खेळांसाठी एक ईमेल पत्ता, प्रेक्षकसंख्येनुसार ठरलेला दर आणि प्रदर्शनानंतर किती आठवड्यांनी परवानगी मिळेल, एवढे छापावे. चतुर्थीच्या महिनाभर आधी लिहिणाऱ्या मंडळाला आठवड्याभरात हो किंवा नाही असे उत्तर द्यावे. नकार वेळेत कळला, तर त्या रात्री भजन-जाखडी ठरवायला मंडळाच्या हाती पुरेसे दिवस असतात.

आपले,
पडदा, प्रोजेक्टर व ध्वनिव्यवस्था पुरवणारे काही व्यावसायिक,
रत्नागिरी