माझ्या न छापलेल्या पुस्तकाला वाचक मिळवून देणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

माझं एकही पुस्तक अजून छापून आलेलं नाही. तरीही माझ्या एका पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली आहे आणि तिच्यावर जांभळ्या शाईचे शिक्के आहेत. हे तुमच्यामुळे झालं. या महिन्यात तुम्ही वाचनालयातून निवृत्त झालात. समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही ‘चाय घेतंस काय गो?’ असं विचारून विषयच बदलता, म्हणून हे उघड पत्र. शिवाय मुलांसाठी लिहून वह्या कपाटात ठेवणारी माझ्यासारखी माणसं आपल्या देवगड तालुक्यात आणि बाहेरही असतील. देवघेवीच्या टेबलामागे बसलेली एक ग्रंथपाल त्यांच्यासाठी काय करू शकते, हे त्यांनाही कळायला हवं.

ती गोष्ट तुम्हाला पाठ आहे, पण वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. श्रावणातल्या एका दुपारी वहाळाला, म्हणजे ओढ्याला, पाणी येतं, त्यावरचा साकव, म्हणजे छोटा पूल, वाहून जातो आणि चार मुलं एका म्हशीसकट शाळेच्या बाजूला अडकून पडतात. मोठी माणसं पलीकडच्या काठावर. रात्र मुलांनीच काढायची, एवढीच गोष्ट. पतपेढीतलं काम संपवून घरी आल्यावर मी ती रात्री लिहायचे. टाइप करून घेतलेले सुटे कागद तुमच्याकडे आणून दिले, ते तुम्ही एकदा नजरेखालून घालावेत एवढ्याच अपेक्षेनं.

तुम्ही त्या कागदांना दाभणानं भोकं पाडली, जाड दोऱ्यानं शिवलीत, खाकी कागदाचं वेष्टण घातलंत, वर तुमच्या टपोऱ्या अक्षरात नाव लिहिलंत आणि आत कार्डासाठी खिसा चिकटवलात. प्रश्न उरला दाखल नोंदवहीचा. वाचनालय अनुदानावर चालतं, तपासणीला नोंदवही दाखवावी लागते, त्यामुळे न छापलेलं पुस्तक तिच्यात चढवता येत नव्हतं. मग तुम्ही एक लांबट वही घेतलीत, तिच्यावर ‘हस्तलिखिते’ असं लिहिलंत, पहिल्या ओळीत माझं पुस्तक नोंदवलंत आणि ते बालविभागाच्या कपाटात, मुलांच्या हाताला येईल अशा खालच्या फळीवर ठेवलंत. नियमालाही धक्का नको आणि पोरांचं वाचनही अडायला नको, असं तुम्ही म्हणालात. मला त्या दिवशी काही बोलता आलं नाही.

पण माझ्या लेखी याहून मोठी मदत पुढे झाली. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मुलं वाचनालयात येतात. त्यांना तुम्ही ती गोष्ट थोडी थोडी करून वाचून दाखवलीत आणि वाचता वाचता समासात शिसपेन्सिलीनं खुणा करत गेलात. ती प्रत मी जपून ठेवली आहे. एका पानाच्या कडेला ‘जांभई’. दुसऱ्या ठिकाणी ‘हसली, दोनदा वाचायला लावलं’. एका परिच्छेदाला नुसतंच गोल कडं आणि शेजारी ‘हयसर पोरां चुळबुळ करूक लागली’. आणि एका पानावर, जिथे मुलं शाळेच्या ओट्यावर भिजलेली दप्तरं उघडून खायला काय काय आहे ते बघतात, तिथे तुम्ही लिहिलंत, ‘सगळ्यांनी विचारलं, म्हशीक काय दिल्यानी?’

त्या एका ओळीनं मला जितकं शिकवलं तितकं लेखनाच्या कुठल्या शिबिरानं शिकवलं नसतं. मुलं गोष्टीतल्या प्रत्येकाची मोजदाद ठेवतात. म्हैस आली की तिच्या वैरणीची चिंता आली. कुत्रं पावसात बाहेर असेल, तर ते आत आल्याशिवाय पुढचं वाक्य त्यांच्या कानात शिरत नाही. तेव्हापासून लिहायला बसले की गोष्टीत कोणाकोणाला आणलंय त्याची यादी शेजारी ठेवते. कुणालाही वाटेत सोडायचं नाही, हा माझा पहिला नियम झाला आणि तो तुमच्या शनिवारच्या मुलांनी घालून दिला.

माझी आवडही तुमच्याच कपाटापाशी घडली. बालभारतीनं १९७१ साली ‘किशोर’ सुरू केलं. त्याच्या जुन्या अंकांचे बांधीव खंड तुमच्याकडे होते, कोपरे झिजलेले, खळीचा वास येणारे. मी शाळेत असताना तुम्ही ते मला उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी न्यायला द्यायचात. परत करताना ‘यातून काय शिकलीस?’ असं तुम्ही कधीच विचारलं नाहीत. विचारायचात ते ‘परत काय वाचावंसं वाटलं?’ तात्पर्याबद्दलची माझी नावड तिथूनच आली असणार. गोष्टीच्या शेवटी काढलेलं तात्पर्य मला आजही नकोसं वाटतं. सगळी गोष्ट मन लावून ऐकलेल्या मुलाला शेवटी पुन्हा समजावून सांगणं म्हणजे त्याच्या अकलेवर अविश्वास दाखवणं.

विंदा करंदीकर तुम्हीच माझ्या हातात ठेवलेत. धालवली आपल्याच तालुक्यातली, म्हणून तुम्हाला त्यांचा अभिमान, पण तुम्ही मला जे दाखवलंत ते अभिमानाच्या पलीकडचं होतं. अ‍ॅरिस्टॉटलचं काव्यशास्त्र ज्यांनी मराठीत आणलं, ‘फाउस्ट’ आणि ‘राजा लिअर’चे अनुवाद ज्यांनी केले, त्याच विंदांनी १९६१ साली ‘राणीची बाग’ आणि ‘एकदा काय झाले’ ही पुस्तकं मुलांना दिली. पुढे ‘एटू लोकांचा देश’ आला, ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’ आली, आणि बालकविता लिहिणं तीसेक वर्षं चालूच राहिलं. ज्ञानपीठ मिळालेला कवी मुलांसाठी इतकी वर्षं लिहितो, कारण त्याला ते काम तितकंच मोलाचं वाटतं. ‘आधी मुलांसाठी लिही, हात बसला की मोठ्यांसाठी’ असा सल्ला मला अधूनमधून मिळतो. तेव्हा मी विंदांच्या पुस्तकांची ही यादी ऐकवते. मला मुलांसाठीच लिहायचं आहे, आयुष्यभर.

भा. रा. भागवतांकडून मी दुसरं काही घेतलं. त्यांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा. फुरसुंगी नकाशात सापडतं, पुण्याजवळ आहे, तिथे जाता येतं. लहानपणी मला याचंच नवल वाटायचं, की खऱ्या गावातला, सायकल मारणारा, ‘ट्टॉक’ करणारा एक किडकिडीत मुलगा पुस्तकात येऊ शकतो. मग वाटलं, फुरसुंगीचा मुलगा येतो तर आमच्या वाडीतली मुलगी का येणार नाही? माझ्या गोष्टींत पाणंद, साकव, वहाळ, सडा म्हणजे कातळाचं पठार, हे सगळं येतं ते या धिटाईतून. संवादात मालवणी ठेवावी की नाही, यावर आपली दोघींची केवढी चर्चा झाली होती! लातूर-नागपूरच्या मुलांना ती कळेल का, अशी मला धास्ती होती. तुमचं म्हणणं, फास्टर फेणे वाचताना आपल्या मुलांना पुण्यातले रस्ते कुठे ठाऊक होते? निवेदन प्रमाण मराठीत आणि मुलांच्या तोंडी घरातली बोली, हे तेव्हा ठरलं ते कायमचं.

साने गुरुजींबद्दल मात्र मला थोडं सविस्तर बोलायचं आहे. मी मुलांसाठी लिहिते असं कळलं की लोक हमखास म्हणतात, ‘श्यामची आई’सारखं काहीतरी लिही, संस्कारक्षम. गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. मी ते पुन्हा पुन्हा वाचते, पण संस्कारांसाठी नव्हे. त्यात घर कसं दिसतं, काम कसं चालतं, पैशाची ओढाताण मुलाला कशी उमगते, हे सारं इतक्या जवळून येतं की पालगडचं ते घर मी स्वतः पाहिल्यासारखं वाटतं. पोहायला जायची भीती वाटून लपून बसलेला श्याम मला फार जवळचा आहे. त्याची भीती गुरुजींनी आधी पूर्ण खरी मानली, म्हणून पुढचं सगळं पटतं. मुलाची भीती, मुलाचा हेवा, मुलाचं खोटं बोलणं जो लेखक खरं मानतो, तो मला गुरुजींच्या वाटेवरचा वाटतो, मग त्याच्या गोष्टीत संस्कार हा शब्द एकदाही न येवो.

आणि बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक. त्यांचं आणि अनुताई वाघांचं काम तुम्ही मला वाचायला लावलंत तेव्हा मी जरा खट्टू झाले होते, मला गोष्टी हव्या होत्या. बोर्डीला १९४५ साली त्यांनी काम सुरू केलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मुलं गुरांमागे रानात जातात, तर शिक्षकानंही रानात जावं. तुम्ही आपल्या वाचनालयात हेच करत आलात. बंदराकडची मुलं येत नाहीत म्हणून पिशवीत पुस्तकं घालून जेटीवर गेलात, जाळी विणणाऱ्या आयांच्या शेजारी बसून मुलांना वाचून दाखवलंत. माझ्या लिहिण्याची कसोटी मी त्या जेटीवर लावते. मासळीच्या गजबजाटात, बर्फाच्या गाडीच्या आवाजात एखादं वाक्य मुलाला धरून ठेवेल का? नसेल ठेवत, तर ते वाक्य पुन्हा लिहायचं.

प्रकाशकांकडून आलेली पत्रं तुम्ही वाचली आहेत. रंगीत चित्रांचा खर्च, कमी खप, ‘कथेतून बोध स्पष्ट होत नाही’. पहिली दोन कारणं मला समजतात. रंगीत छपाई महाग असते, आवृत्ती लहान काढली की एकेका प्रतीची किंमत चढते आणि आईबाप ती बघून पुस्तक खाली ठेवतात. तिसरं कारण मात्र मला मान्य होणार नाही. त्या पत्रांनंतरही मी लिहीत राहिले, कारण खालच्या फळीवरचं ते खाकी पुस्तक सतत बाहेर असायचं. एक मुलगी ते परत करायला आली तेव्हा योगायोगानं मी तिथेच होते. ‘पुढचो भाग आसा?’ असं तिनं तुम्हाला विचारलं आणि तुम्ही माझ्याकडे बोट दाखवून म्हणालात, ‘तिका विचार.’ तिच्या त्या अपेक्षेनं बघण्यासाठी मी अजून कितीतरी वर्षं लिहीन.

पुढचा भाग झाला नाही, पण नवीन गोष्ट झाली आहे. कातळशिल्पांवर लिहितेय म्हटल्यावर तुम्ही बजावलं होतंत, आधी जाऊन बघ, मग लिही. म्हणून मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर गेले. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातल्या ज्या कातळशिल्पांची नोंद झाली, त्यांत कुडोपी आहे. भर उन्हात जांभ्यावरच्या रेषा नीट दिसत नाहीत. ऊन कललं की खोदलेल्या चरांत सावली भरते आणि आकृती वर येते. हे पुस्तकात वाचून मला कळलं नसतं. माझ्या गोष्टीतली बकऱ्या राखणारी मुलगी संध्याकाळची वाट बघत सड्यावर थांबते, ती त्यामुळेच. त्या आकृती कुणी कोरल्या आणि कशासाठी, याचं उत्तर गोष्टीत नाही. मुलीला जे दिसतं, जे वाटतं, तेवढंच आहे.

तुम्ही निवृत्त झालात तरी शनिवारी मुलं तुमच्या पडवीत जमणार आहेत असं ऐकलं. हस्तलिखित सोबत पाठवत आहे, या वेळी समास जास्त रुंद सोडला आहे. बकऱ्या सात आहेत आणि शेवटपर्यंत सातही हिशेबात आहेत, तरी एकदा मुलांकडून मोजून घ्या. चौथं प्रकरण मला लांबल्यासारखं वाटतं, त्यातला आजीचा भाग काढावा का, हे ठरत नाही. वाचून बघा आणि कापायचं असेल तिथे बेलाशक काट मारा.

तुमची,
बालविभागाची जुनी वाचक